अळीच्या पोटात काय असतं ते मी अण्णांच्या शेडमध्ये बघितलं

बीएस्सीला माझा झूलॉजी होता, पूर्ण तीन वर्षं, आणि तीन वर्षांत मी एकही किडा उघडून बघितला नाही. यूजीसीने २०१४ साली कॉलेजातलं डिसेक्शन बंद करायला सांगितलं, मी त्यानंतरची, त्यामुळे प्रॅक्टिकलला झुरळाची पचनसंस्था चार्टवर बघायची, एखादा व्हिडिओ बघायचा आणि जर्नलमध्ये पेन्सिलने आकृती काढायची. उगाच प्राणी मारायचे नाहीत हे मला पटतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण माझी आकृती दरवेळी छान यायची, मार्कही पडायचे, आणि तरी कुणी विचारलं असतं की ती माल्पिघी नलिका (किड्यात मूत्रपिंडासारखं काम करणारी नळी) खरी दिसते कशी, केवढी असते, हाताला कशी लागते, तर मला काही म्हणजे काहीच सांगता आलं नसतं. ही रुखरुख मनात राहिली होती.

आमचं गाव अंबड तालुक्यातलं. अण्णांनी एकरभर तुती लावलीय, व्ही-वन जातीची, आणि शेड बांधून तीन वर्षं झाली रेशीमअळ्यांच्या बॅच घेतात. मी शिकायला बाहेर होते म्हणून एकही बॅच सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघितली नव्हती. गेल्या सप्टेंबरात मात्र घरीच होते, आणि ठरवलं की ही बॅच आपण पूर्ण करायची आणि रोज वहीत लिहायचं.

२०० अंडीपुंजांची चॉकी, म्हणजे केंद्रात वाढवलेल्या लहान अळ्या, आणली. एक अंडीपुंज म्हणजे एका मादीने घातलेली अंडी, साधारण चारशे ते पाचशे, म्हणजे ऐंशी-नव्वद हजार जीव एका टेम्पोत बसून आले असं समजा. चॉकी केंद्रावरून येतात तेव्हा दोन कात टाकून झालेल्या असतात. पुढे आपल्याकडे तिसरी, मग चौथी, मग पाचवी अवस्था, आणि या पाचव्या अवस्थेतच एकूण पाल्याच्या ऐंशी टक्क्यांहून जास्त पाला संपतो, तेव्हा घरातल्या सगळ्यांना फांद्या कापायला जावं लागतं, पाहुणे आलेले असले तर पाहुण्यांनासुद्धा.

तिसऱ्या कातीच्या रात्री मी शेडमध्ये गेले तर एकदम शांतता. एरवी पाला खाण्याचा आवाज सतत असतो, त्याची सवय होते, आणि अळ्या मोल्टला, म्हणजे कात टाकायला, बसल्या की तो थांबतो आणि आपण दचकतो. सगळ्या डोकं वर करून स्तब्ध. अण्णा म्हणाले, "आता पाला टाकायचा न्हाई, चुना मार फक्त." चुन्याने बेड कोरडा राहतो, आणि ज्या आधी उठतात त्या मागच्यांना सोडून खात बसत नाहीत. मी टॉर्च घेऊन एकाच अळीजवळ बसले. जुन्या डोक्याच्या मागे कातडी फुगलेली होती आणि आत फिकट रंगाचं नवं डोकं दिसत होतं, जुन्यापेक्षा चांगलंच मोठं. म्हणजे नवा चेहरा जुन्या चेहऱ्याच्या मागे तयार होऊन वाट बघत बसलेला असतो. दीड-दोन तासांनी कातडी मानेजवळ फाटली, अळी अंग आखडून आखडून पुढे सरकली, जुनी कातडी रेशमाच्या बारीक धाग्यांनी पाल्याला चिकटवलेली असते त्यामुळे ती जागेवर राहते आणि अळी त्यातून बाहेर चालत येते, पायातला मोजा मागे राहावा तशी. जुनं डोकं तोंडावर टोपीसारखं अडकलं होतं, ते तिने पाल्यावर घासून काढलं.

ती कात मी उचलून बशीत पाण्यावर पसरली आणि कॉलेजच्या भिंगातून बघितली, आणि तिथे मला पहिला धक्का बसला. अळीच्या अंगावर दोन्ही बाजूंना नऊ-नऊ काळे ठिपके असतात, श्वासरंध्रं. कातीवर त्या प्रत्येक ठिपक्याच्या आतल्या बाजूला केसापेक्षा बारीक पांढऱ्या धाग्यांचा झुबका लोंबत होता. मला क्षणभर कळेना हे काय. मग डोक्यात प्रकाश पडला की अळीला फुप्फुस नसतं, त्या ठिपक्यांतून हवेच्या नळ्या आत जातात आणि फांद्या फुटत फुटत थेट प्रत्येक अवयवापर्यंत पोचतात, आणि त्या नळ्यांना आतून कातडीचंच अस्तर असतं. कात टाकताना ते अस्तरसुद्धा ठिपक्यातून ओढून बाहेर काढावं लागतं. घशापासून पुढच्या आतड्याचं अस्तर आणि शेवटच्या आतड्याचं अस्तर, तेही जातं. पुस्तकात हे एका ओळीत असतं, मी पाठही केलेली, पण तो झुबका बघेपर्यंत मला कळलंच नव्हतं की कात टाकणं म्हणजे अंगावरचा सदरा बदलणं नाही, श्वासनलिका आतून सोलून काढण्याचं काम आहे ते. म्हणून अळ्या चोवीस तास हलत नाहीत. त्या वेळी आमच्याकडची पोरं त्यांना बोटाने ढोसायची, त्या रात्रीपासून मी शेडला कडी लावायला लागले.

चौथी कात झाली आणि पाचवी अवस्था सुरू झाली. आता अळी बोटाएवढी, गुळगुळीत, थंडगार. पाठीवर मधोमध एक रेघ असते ती नीट बघितली तर शेपटीकडून डोक्याकडे लाटेसारखी हलते, ते तिचं हृदय, पाठीलगत लांबच लांब नळी. भिंग नसलं तरी दिसतं. आईला दाखवलं तर ती म्हणाली, "अगं, म्हणजे आपण रोज जी रेघ बघतो ती धडधड व्हय?" आणि मग तिनेच बारा-पंधरा अळ्या उचलून बघितल्या.

बॅचमध्ये काही अळ्या बारक्या राहतात, दुबळ्या, त्या वेचून काढायच्याच असतात. पण अशा अळ्यांत रोग असू शकतो म्हणून मी अण्णांना विचारून चांगल्या वाढलेल्या पाच अळ्या घेतल्या. फ्रीजमध्ये बर्फावर ठेवून आधी पूर्ण गार केल्या, हालचाल संपेपर्यंत. डब्यात मेणबत्त्या वितळवून मेणाचा थर केला, टाचण्या लावल्या, वर मिठाचं पाणी ओतलं (लिटरला साधारण आठ-नऊ ग्रॅम मीठ), आणि आईच्या शिवणाच्या पेटीतल्या सगळ्यात बारीक कात्रीने मागून पुढे कातडी कापत गेले, पाठीच्या रेघेच्या जरा बाजूने. हात थरथरत होता. पहिल्या अळीचं आतडं मी फाडलं आणि सगळं पाणी हिरवंगार झालं, काही दिसेना. दुसरीला जमलं.

आत आधी दिसतं ते आतडं. डोक्यापासून शेपटीपर्यंत सरळ, जाड, पाल्याने गच्च भरलेलं, जवळजवळ सगळी अळी म्हणजे आतडंच. त्याच्यावर सगळीकडे चांदीसारख्या चमकणाऱ्या बारीक फांद्या पसरलेल्या, त्या हवेच्या नळ्या, आत हवा असते म्हणून पाण्याखाली चमकतात. पांढरे मऊ पापुद्रे म्हणजे चरबी. आणि आतड्याच्या दोन्ही बाजूंना, खाली दबून, त्या दोन रेशीमग्रंथी. मी श्वास रोखून बघत राहिले. काचेसारख्या पारदर्शक, शिजवलेल्या शेवयांसारख्या वळ्या वळ्या करून बसवलेल्या, मधला भाग सगळ्यात जाड, मागचा भाग बारीक आणि नागमोडी, पुढचा भाग दोऱ्याएवढा होत होत खालच्या ओठाकडे गेलेला. मागच्या भागात फायब्रोइन बनतं, म्हणजे खरं रेशीम, मधल्या भागात ते साठतं आणि तिथेच त्याच्यावर सेरिसिन म्हणजे डिंक चढतो. मुळात या ग्रंथी लाळेच्या आहेत, अळीने लाळेच्या ग्रंथींचं रेशीम केलंय. आणि एक गोष्ट मला फार भारी वाटते, या ग्रंथीतल्या पेशी अळी अंड्यात असतानाच मोजून तयार होतात, त्यानंतर त्यांची संख्या वाढतच नाही. पेशी विभागत नाही, फक्त आतला डीएनए पुन्हा पुन्हा कॉपी करत मोठी मोठी होत जाते, शेवटी तर लाखो कॉप्या असतात एका पेशीत.

आतड्याच्या शेवटाकडे पिवळसर पांढरे बारीक दोरे होते, आतड्याच्या भिंतीवर वेटोळे घालून चिकटलेले. सुईने एक सोडवला, ओला होता, नाजूक, लगेच तुटला. माल्पिघी नलिका. तीन या बाजूला, तीन त्या बाजूला. ज्यांच्या नावाने त्या ओळखतात त्या मार्चेल्लो माल्पिघींनी १६६९ साली रेशीमअळीच्या आतल्या रचनेवर लिहून ठेवलं, आणि त्या नलिकांचं वर्णन याच अळीवरून केलं. साडेतीनशे वर्षांपूर्वी इटलीतल्या माणसाने बघितलं तेच मी अंबड तालुक्यात आईच्या कात्रीने बघत होते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खरंच.

आतडं बाजूला केल्यावर तळाशी पांढरी मज्जारज्जू, गाठी गाठी असलेली. आणि छातीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वळ्यात, कातडीला आतून लागून, पांढुरक्या अगदी लहान चकत्या. त्या पंखांच्या. अळीला पंख नाहीत पण पंखांची सुरुवात तिच्या आत घडी करून ठेवलेली आहे, ती पाला खातेय तेव्हाही. तोवर मला वाटायचं कोषात गेल्यावर काहीतरी जादू होते आणि पंख फुटतात. तसं नाहीये, त्यांची तयारी आपल्या पाल्यावरच चाललेली असते.

एक ग्रंथी मी काढून व्हिनेगरमध्ये टाकली. कुठेतरी वाचलेलं की पूर्वी मासे धरायच्या गळाची दोरी आणि ऑपरेशनचे टाकेही असे करायचे. थोड्या वेळाने दोन्ही टोकं धरून हळूहळू ओढली, आणि ती मऊ शेवई हातात ताणत ताणत कडक चिवट तार झाली, हातभर. अण्णांनी ती ओढून बघितली, तुटली नाही. त्यांनी ती खिशातल्या डायरीत ठेवलीय अजून. तोवर बशीतलं अळीचं रक्त, जे आधी फिकट पिवळसर होतं, हवेने काळं पडलं होतं.

पाचव्या अवस्थेच्या सातव्या दिवशी अळ्या पिकायला लागल्या. खाणं सोडतात, अंग आखडतं, पिवळसर पारदर्शक दिसायला लागतात, शेवटची पातळ विष्ठा टाकून आतडं रिकामं करतात आणि डोकं हलवत वर चढायला जागा शोधतात. चार-पाच टक्के पिकलेल्या दिसल्या की आम्ही पाल्यावर 'संपूर्ण' फवारतो, म्हणजे बाकीच्या एकाच वेळी पिकतात आणि चंद्रिकेवर, म्हणजे कोष घालायच्या चौकटीवर, सोडायचं काम एका दिवसात उरकतं. अण्णा त्याला "पिकवायचं औषध" म्हणतात. मी बाटलीवर वाचलं आणि मला एकदम दुवा लागला, त्यात वनस्पतीतून काढलेलं एक्डिस्टेरॉइड असतं, कात टाकायला लावणाऱ्या एक्डायसोन हार्मोनचं भावंड. जपानमध्ये फुकुदांनी १९४० च्या सुमारास रेशीमअळीला मधोमध दोरा आवळून बांधला तेव्हा पुढचा अर्धा भाग प्युपा, म्हणजे कोषातला जीव, झाला आणि मागचा अर्धा अळीच राहिला, त्यावरून कळलं की छातीतल्या एका ग्रंथीतून काहीतरी सुटतं. ते काहीतरी म्हणजे एक्डायसोन, आणि ते १९५४ साली जर्मनीत बुटेनांट आणि कार्लसन यांनी शुद्ध मिळवलं, रेशीमकोषातल्या ५०० किलो प्युपांमधून फक्त २५ मिलीग्रॅम. आणि आमच्या शेडमध्ये ते ज्ञान फवारणीच्या पंपात असतं.

पण मेंदूच्या मागे अजून एक बारीक ग्रंथी असते, तिचं हार्मोन उलट काम करतं, ते आहे तोवर अळी कात टाकून पुन्हा अळीच होते. ते बंद पडलं की मगच पुढे जाता येतं. हे मला या बॅचने फार वाईट पद्धतीने शिकवलं.

शेवटच्या रॅकच्या खालच्या दोन कप्प्यांतल्या अळ्या पिकल्याच नाहीत. बाकी सगळ्या चंद्रिकेवर गेल्या, कोष घालायला लागल्या, या मात्र खातच राहिल्या. आठवा दिवस, नववा, दहावा. अंगाने तर इतक्या मोठ्या झाल्या की आई म्हणाली, "यांना कुणाची नजर लागली." अण्णा रात्री दोनला उठून बघायचे. बाराव्या दिवसापासून मरायला लागल्या, कोष न घालता. मी दोन उघडल्या, रोगाचं काही दिसेना, रक्त दुधाळ नाही, आतडं कुजलेलं नाही, ग्रंथी दोन्ही जागच्या जागी, धागा न सोडलेल्या. मग फांद्या कुठल्या टाकलेल्या ते आठवत बसलो तर त्या दोन कप्प्यांना बांधाकडच्या सरीतला पाला गेला होता, आणि बांधाच्या पलीकडे कापूस. शेजारच्या काकांकडे गेले, त्यांनी काही न लपवता बाटली आणून दाखवली, पांढऱ्या माशीसाठी पायरीप्रॉक्सिफेन. त्यांची काहीच चूक नाही, त्यांनी त्यांचं पीक वाचवलं. पण ते औषध म्हणजे त्याच दुसऱ्या हार्मोनची नक्कल आहे. पांढऱ्या माशीची पिल्लं त्याने मोठी होत नाहीत, आणि आमच्या अळीच्या शरीराला वाटत राहिलं की अजून अळीच राहायचंय. इटलीत अशाच जातीच्या फेनॉक्सिकार्ब नावाच्या औषधाने रेशीमवाल्यांचं असंच नुकसान झालं होतं, फळबागांवर मारायचे ते. तेव्हापासून काका फवारायच्या आधी फोन करतात आणि आम्ही बांधाकडच्या चार सऱ्यांचा पाला बॅचला घालतच नाही, शेळ्यांनाही नाही.

बाकीच्यांनी छान कोष घातले. डोकं आठाच्या आकड्यात फिरवत दोन ते तीन दिवस, एकच सलग धागा, हजार-बाराशे मीटर. सहाव्या दिवशी कोष काढले, जालन्याच्या कोष मार्केटला ११८ किलो गेले. नुकसान धरूनही भाव बरा लागला.

मी मात्र साठ कोष मागे ठेवून घेतले. कारण मला एक गोष्ट लक्षात आली होती, अण्णांनी तीन वर्षांत लाखो अळ्या पाळल्या पण पतंग एकदाही बघितला नव्हता. कोष मार्केटला जातात, तिथून पुढे उष्णता देऊन आतला जीव मारतात, नाहीतर तो कोष फोडून बाहेर येतो आणि धागा तुटतो. अळी पाळणाऱ्याला पतंग दिसत नाही, हे मला कसंतरीच झालं.

रोज दोन-तीन कोष ब्लेडने हलकेच कापून बघायचे. प्युपा नुकताच झालेला असतो तेव्हा पिवळसर, मऊ, बोट लावलं तरी खड्डा पडेल असा, शेजारी शेवटची कात चुरगळून पडलेली. एका दिवसात तपकिरी आणि कडक होतो. पहिल्या दिवशीचा उघडला तेव्हा रेशीमग्रंथी पांढरट लिबलिबीत फितीसारख्या सापडल्या. तिसऱ्या दिवशीच्यात शोधल्या, मिळाल्या नाहीत. ज्या ग्रंथींनी एवढं केलं, त्या दोन-तीन दिवसांत शरीराने स्वतःच विरघळवून टाकल्या. कापल्या कापल्या सगळं पाणी दुधासारखं होतं, चरबीचे कण मोकळे सुटलेले असतात. लोक म्हणतात कोषात सगळं पाणी पाणी होतं आणि त्यातून पतंग बनतो. मला तरी तसं दिसलं नाही. त्या दुधात चांदीच्या नळ्या होत्या, मज्जारज्जू होती, आधीपेक्षा आखूड झालेली, पाठीची नळी अजून हलत होती. घर पाडून नवं बांधलेलं नाही, माणसं आत राहत असतानाच भिंती बदलल्या असं काहीतरी.

आठव्या दिवशी एक मादी उघडली. पोटात पिवळ्या मण्यांच्या माळा, चार या बाजूला, चार त्या बाजूला, गुंडाळून भरलेल्या. अळीत याच ठिकाणी मोहरीपेक्षा लहान ठिपका होता. त्यानंतर मी एकही कोष कापला नाही. हात होईना.

बाराव्या दिवशी पहाटे आईने हाक मारली. एका कोषाचं टोक ओलं झालं होतं. आतून पतंग एक रस सोडतो, त्याने डिंक सैल होतो, मग डोक्याने धागे बाजूला सारत बाहेर येतो. पांढरा, केसाळ, पंख चुरगळलेले, ओले. बाहेर आल्यावर लालसर तपकिरी पाणी टाकलं, आत साठलेली घाण. अर्ध्या-पाऊण तासात पंख सपाट झाले. तोंड आहे पण खाता येत नाही, जे काय ते अळीने तुती खाऊन ठेवलेलं, त्यावरच हे आठवडाभर. उडताही येत नाही, फक्त पंख फडफडवत गोल गोल फिरतो. मादी एका जागी बसून शेपटीकडून वास सोडत राहिली आणि तीन नर फडफडत तिच्याकडे गेले, मी त्यांना टोपलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवलं तरी परत वळून आले. अण्णा पाटावर बसून तासभर बघत होते. मग म्हणाले, "एवढी वर्षं हिलाच पाला घालायलो की मी."

मादीने पेपरवर अंडी घातली, ओळीने, चिकटवून. पिवळी होती, तिसऱ्या दिवशी राखाडी झाली. म्हणजे फळलेली, पण झोपलेली. आईच्या पोटात असतानाच तिच्या हार्मोनने ठरवलंय की यांनी थंडी खाल्ल्याशिवाय फुटायचं नाही. संकरित जातीची अंडी पुढच्या बॅचला उपयोगाची नाहीत हे अण्णांना माहीत आहे, तरी त्यांनी पेपरचा तेवढा तुकडा कापला, मागे तारीख लिहिली, आणि फ्रीजमध्ये भाजीच्या कप्प्यात वरच्या बाजूला ठेवला. आई कोथिंबीर काढताना तो तुकडा जपून बाजूला करते आणि परत ठेवते.